रेठरेकरांचा काटा

"हजेरी एकोणसाठ टक्के," इंगवले सर म्हणाले आणि माझा परीक्षेचा फॉर्म त्यांनी टेबलाच्या खणात टाकला. खणाला कुलूप. किल्ली कोटाच्या खिशात. एप्रिलच्या उन्हात कोट घालणारा माणूस मी आयुष्यात तेवढाच एक पाहिलाय.

मी तेव्हा थर्ड इयरला होते, इलेक्ट्रॉनिक्सला. आमचं कॉलेज म्हणजे कारखान्याचं कॉलेज, साखर कारखान्याचं. कारखान्याचे चेअरमन तेच संस्थेचे अध्यक्ष आणि तेच शिक्षणमहर्षी. ही पदवी त्यांना कुणी दिली विचाराल तर फ्लेक्सवाल्यानं. इंगवले सर प्रिन्सिपॉल. त्याआधी ते कारखान्यातच इलेक्ट्रिक सुपरवायझर होते, मग मध्येच कुठून तरी डॉक्टर होऊन आले. कशातले डॉक्टर, हे विचारायची आमच्यात कुणाची टाप नव्हती, आणि मला वाटतं त्यांनाही नीट आठवत नसावं.

हजेरी कमी का, तर सकाळी मी मामाच्या मोबाईल रिपेअरच्या दुकानात बसायचे, एसटी स्टँडसमोर. लेक्चरपेक्षा तिथं जास्त शिकायला मिळायचं, हे खरं. पण ते कुणाला सांगणार? पंच्याहत्तर टक्के हजेरी नसली तर प्रिन्सिपॉलची सही नाही, सही नाही तर परीक्षा नाही. आणि आमच्या घरचा नियम सरळ होता. बापूंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सांगून ठेवलेलं, एका वेळी एकच पोर कॉलेजात. माझं संपलं की धाकट्याचं सुरू. माझं वर्ष गेलं तर मी उठायचं आणि तो बसायचा. मी उठले असते ना, तर आज तुमच्यासमोर हा चहा पीत बसले नसते.

म्हणून मी हात जोडून उभी. आणि सर एकदम मऊ आवाजात म्हणाले, "सुतार, तू सोल्डरिंग चांगलं करतेस म्हणे."

आता हे कुठून आलं? तर त्या वर्षी कॉलेजला तपासणी समिती येणार होती, आणि समितीच्या कागदात एक रकाना होता, 'विद्यार्थ्यांना प्रेरणा देणारे उपक्रम'. आमच्याकडे बाकी सगळं होतं, कारंजं होतं, चेअरमनच्या वडिलांचा पुतळा होता, प्रेरणा तेवढी नव्हती. शोधाशोध सुरू झाली. कुणाला तरी आठवलं की आपल्याच गावात वामनराव रेठरेकर नावाचा रेडिओ दुरुस्त करणारा एक माणूस होऊन गेला, आणि त्यानं सत्त्याऐंशी साली कारखान्याला उसाचं वजन करायचा इलेक्ट्रॉनिक काटा बनवून दिला होता. तोपर्यंत आत बसलेला कारकून दांड्यावर वजनं सरकवायचा आणि तोंडानं आकडा सांगायचा. वामनरावांच्या काट्यावर लाल दिव्यांचा आकडा बाहेर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पेटायचा. गडी हुशार, गावचा, आणि सगळ्यात सोयीचं म्हणजे मेलेला. मेलेला माणूस भाषण करत नाही, गाडी मागत नाही.

नोटीसबोर्डावर सोमवारी लागलं, 'तालुक्यातील पहिला इलेक्ट्रॉनिक काटा'. बुधवारी ते 'महाराष्ट्रातील पहिला' झालं. पत्रिका छापून आल्या तेव्हा तो आशिया खंडातला पहिला होता. अजून आठवडा मिळाला असता तर चंद्रावर गेला असता.

मला मात्र ते नाव ऐकून हसू आलं. आमच्याकडे बाजारात कुणी वजनात मारलं ना, की बायका म्हणतात, "काय रे, रेठरेकरचा काटा आहे का?" मी लहानपणापासून ऐकतेय. रेठरेकर नावाचा खराखुरा माणूस होता, हे मला त्या दिवशी कळलं.

सरांनाही ते ठाऊक होतं. त्यावर त्यांच्याकडे तोडगा तयार होता. कार्यक्रमाचं नावच ठेवलं होतं 'अपयशातून प्रेरणा'. म्हणजे काय, तर काटा जरी चुकीचा निघाला तरी वामनराव खचले नाहीत, असं. चेअरमनसाहेब त्या काट्यावर उभे राहणार, त्यांची ग्रंथतुला होणार, आणि ग्रंथ मुलांना वाटणार. ग्रंथ म्हणजे वामनरावांच्या जीवनावरची पुस्तिका. अठ्ठेचाळीस पानं, त्यात चेअरमनसाहेबांचे एकतीस फोटो आणि वामनरावांचा एक. तोही काट्याच्या उद्घाटनाचा. साहेब फीत कापतायत आणि कडेला एक कोपर दिसतोय. तो कोपर वामनरावांचा. हसू नका, खाली तसं छापलं होतं, 'उजवीकडे वामनराव'.

"काटा चालू कर," सर म्हणाले. "रविवारी कार्यक्रम. संध्याकाळी फॉर्मवर सही."

काटा कारखान्याच्या भंगाराच्या शेडमधून आला. लॅबमध्ये पोचायच्या आधीच शिपायांनी त्याची पूजा केली होती. हळदकुंकू लावलं होतं, हार घातला होता, आणि उदबत्ती कुठे खोचावी, तर डब्याला हवा खेळायला जी भोकं असतात त्यात. सगळी राख आत. आशिया खंडातला पहिला काटा आणि त्याच्या पोटात चमचाभर राख.

मामाच्या दुकानाचा एकच नियम आहे. काहीही उघडलं की हात लावायच्या आधी फोटो काढायचा. म्हणजे कुठली वायर कुठे होती विसरायला होत नाही, आणि गिऱ्हाईक नंतर म्हणायला नको, माझा फोन चांगला होता. तर मी झाकण काढलं, फोटो काढला, आणि मग पाच मिनिटं नुसती बघत बसले.

तुम्ही कुणी सोल्डरिंग केलेलं नाही, तुम्हाला कसं सांगू. सर्किटच्या पट्टीवर कथलाचा प्रत्येक टाका सारखा. एक मोठा नाही, एक बारीक नाही. वायरी दोऱ्यानं बांधलेल्या, तीन-तीन बोटांवर गाठ, आई वेणी घालते तशा. ती पट्टीसुद्धा हातानं रंगवून केलेली. आमच्या वर्गातली पोरं प्रोजेक्ट म्हणून पुण्याहून तयार डबे विकत आणायची आणि वर स्वतःच्या नावाचं स्टिकर चिकटवायची, त्यांना विशेष प्रावीण्य मिळायचं. आणि हे गावातल्या एका रेडिओ दुरुस्तीच्या टपरीत झालेलं, सत्त्याऐंशी साली.

आणि त्या सगळ्यात एक लाल वायर. जाडी, घराच्या बोर्डाला वापरतात तसली. कावळा शिटून गेल्यासारखे दोन टाके मारून बसवलेली. मध्ये एक रेझिस्टन्स, आणि टोकाला दारावरच्या घंटीचं पिवळं बटण. बटण दाबलेलं, आणि दाबलेलंच राहावं म्हणून त्याला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली.

मला वाटलं, नंतर कुणीतरी गावठी दुरुस्ती केलेली असणार. मी राख झटकली, दोन गेलेले भाग बदलले, मेसच्या धान्याच्या काट्याचा प्लॅटफॉर्म त्याला जोडला आणि टनांचा काटा किलोवर आणला. पन्नास किलोचं सिमेंटचं पोतं ठेवलं. लाल आकडा पेटला. सत्तेचाळीस. मी म्हटलं, हे काय? दुसरं पोतं आणलं. सत्तेचाळीस. मग सहज म्हणून ती चिकटपट्टी सोडली आणि बटण वर आलं. पन्नास.

बटण दाबलं, सत्तेचाळीस. सोडलं, पन्नास. मी लहान पोरासारखं दहा वेळा केलं.

पळत जाऊन सरांना आणलं. मला वाटलं शाबासकी मिळणार. सर वाकले, आत पाहिलं, आणि सरळ झाले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. कोटामुळे असेल म्हटलं. आणखी कुणी बघितलं का, विचारलं. कुणी नाही, म्हटलं.

"कचरा आहे तो," ते म्हणाले. "काढून टाक. जागा साफ कर, नवे टाके मार. वायर आणि बटण माझ्याकडे दे. आणि रिपोर्टमध्ये लिही, मूळ रचनेतला दोष दूर केला."

दहा मिनिटांचं काम. मी ते दोन घाण टाके वितळवून काढले, जागा घासली, आणि तिथं माझे दोन मारले. मुद्दाम जीव ओतून मारले. म्हटलं, बाकीच्यांच्या पंगतीत शोभले पाहिजेत. वायर आणि बटण सरांनी कोटाच्या खिशात टाकलं, त्याच खिशात, किल्लीच्या शेजारी.

खरं सांगते, त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यात काही आलं नव्हतं.

शनिवारी सरांनी मला वामनरावांच्या घरी निमंत्रण द्यायला पाठवलं, कारण मुलगी गेलेली बरी दिसते. घर बाजारपेठेतल्या बोळात. पुढे बंद दुकान, मागे दोन खोल्या. अनसूयाकाकी, वामनरावांच्या बायको, सत्तरीच्या पुढच्या. खिडकीपाशी बसून दात घासायच्या ब्रशनं शेजाऱ्यांचा रेडिओ साफ करत होत्या. मी पत्रिका दिली. त्यांनी ती चष्मा वर करून वाचली, उलटी करून मागची बाजू बघितली, आणि रेडिओखाली अंथरली. ब्रशची धूळ पडायला कागद हवाच होता त्यांना.

"अपयशातून," त्या म्हणाल्या. बस्. एवढंच.

मग मी काटा उघडला म्हटल्यावर मात्र त्यांचा हात थांबला. मी म्हटलं, काय काम आहे काकी, काय टाके आहेत. तर त्या पहिल्यांदा हसल्या. टाके त्यांचे होते. सर्किट वामनरावांचं डोकं, पण त्यांचा हात थरथरायचा, म्हणून सोल्डरिंग सगळं काकींनी केलेलं. दुपारची भांडी झाली की बसायच्या. दोरासुद्धा त्यांच्या शिवणाच्या डब्यातला.

मग त्यांनी सांगितलं. फार नाही, तुकड्यातुकड्यांनी, ब्रश चालू ठेवून. पहिल्या हंगामाला काटा चोख चालला. लोक गाडी घेऊन आले की आधी त्या लाल आकड्याला हात जोडायचे. दुसऱ्या हंगामात वजनं कमी यायला लागली. कुणीतरी बाहेरच्या काट्यावर गाडी घातली आणि फरक सापडला. बोंब झाली. कारखाना म्हणाला, आम्ही काय करणार, रेठरेकरचा काटाच खोटा. लोकांनी येऊन दुकानाची काच फोडली. वामनराव रोज कारखान्याच्या गेटवर जाऊन सांगायचे, मला फक्त एकदा उघडून बघू द्या. उघडू दिलं नाही. काटा काढला, शेडमध्ये टाकला, जुना दांड्याचा काटा परत आणला. नंतर वामनरावांनी चौदा वर्षं रेडिओ दुरुस्त केले आणि ते गेले. तेवढ्या वर्षांत वजनाचं यंत्र कुणी मागायला आलं नाही.

"मरताना सुद्धा तेच," काकी म्हणाल्या. "आत काहीतरी घातलंय, अनसूया. माझं चुकलेलं नाही."

मग त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

"तू उघडलास. आत काही दिसलं का गं?"

माझ्या डोळ्यांसमोर पिवळं बटण आलं. आणि कोट आला. आणि सत्त्याऐंशी साली कारखान्यात इलेक्ट्रिक सुपरवायझर कोण होतं, ते आलं. सगळं एका फटक्यात, दिवा लागावा तसं. आणि त्याच्या मागोमाग तो खण आला, आत माझा फॉर्म.

"नाही काकी," मी म्हटलं. "राख होती फक्त."

त्यांनी मान हलवली आणि परत ब्रश उचलला. चहा घेणार का विचारलं. मी घाई आहे म्हणाले. मला कसलीही घाई नव्हती.

रविवारी हॉल गच्च. पहिल्या रांगेत समिती. त्यांचं लक्ष जेवणाच्या वासाकडे. मागे पोरं, आणि त्यांच्या मागे कारखान्याच्या ट्रॉल्यांमधून आणलेले सभासद. स्टेजवर काटा. मुलांना आतलं दिसावं म्हणून डब्याला पारदर्शक झाकण बसवलेलं, ती माझीच हुशारी.

चेअरमनसाहेब चपला काढून काट्यावर चढले. चौऱ्याण्णव. टाळ्या. वजनाला टाळ्या वाजवणारा गाव फक्त आमचाच. मग दोन शिपायांनी पुस्तिकांचे गठ्ठे चढवले, चौऱ्याण्णव होईपर्यंत. शेवटची पुस्तिका साहेबांनी स्वतः ठेवली, आकडा हलला नाही तरी फोटोसाठी दोनदा ठेवली. मग शिपायांनी गठ्ठे उतरवून मुलांना वाटायला नेले आणि साहेब बोलले. चाळीस मिनिटं. वामनराव हे नाव तीनदा आलं, त्यातलं एकदा चुकून वासुदेवराव. म्हणाले, तरुण मित्रांनो, अपयशाला घाबरू नका, वामनरावांचा काटा चुकला, त्या काळी ज्ञान कमी होतं, साधनं कमी होती, पण माणूस धडपडला. आणि आज काय योगायोग बघा, त्यांनी जो दोष ठेवला तो आपल्याच कॉलेजच्या एका लेकीनं काढला. हीच खरी श्रद्धांजली.

आणि माझं नाव पुकारलं. तंत्रप्रेरणा पुरस्कार. काचेचं काहीतरी, टोकदार, धरलं तर बोटाला लागतंय असं. मी स्टेजवर गेले. साहेबांनी माइक माझ्या तोंडापुढे धरला.

"सांग बेटा, मुलांना सांग. काय दोष होता?"

इंगवले सर माझ्या मागे उभे होते. मी वळून बघितलं नाही, पण त्या कोटाला डांबरगोळ्यांचा, नॅप्थलीनचा वास यायचा, तो येत होता. समोर पहिल्या रांगेच्या टोकाला काकी. पांढरी साडी, मांडीवर पिशवी. बाकी हॉल कुजबुजत होता, त्या तेवढ्या ऐकत होत्या.

मला सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. घंटीचं बटण, एवढं म्हटलं असतं तरी मागच्या ट्रॉल्यांमधल्या निम्म्या लोकांना कळलं असतं.

मी म्हटलं, "टाके सुटले होते. जुने टाके."

टाळ्या झाल्या. साहेबांनी पाठ थोपटली. मी बाजूला, काट्याच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय म्हणाले. दोष दुसरा कुठलाही सांगता आला असता. दमट हवा, उंदीर, काहीही. मी नेमके टाके म्हणाले.

मग सत्काराला काकींना बोलावलं. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, पुस्तिका. त्यांनी सगळं घेतलं. फोटो झाला. सूत्रसंचालक बाईंनी त्यांना खुर्चीकडे वळवलं, तर त्या वळल्या नाहीत. हातातलं सगळं सावरत सरळ काट्यापाशी आल्या, माझ्या शेजारी. चष्मा पुसला. पारदर्शक झाकणावर वाकल्या आणि आत बघत राहिल्या. आपण पाळण्यात बघतो ना, तसं. अठ्ठावीस वर्षांनी बघत होत्या.

लोकांना वाटलं, म्हातारी आता रडणार. फोटोवाला पुढे आला.

काकी रडल्या नाहीत. माझ्याशी बोलल्या, हळू, मला आणि फार तर सरांना ऐकू जाईल एवढंच.

"हे सगळे माझे," त्या म्हणाल्या. "यातला एकही सुटलेला नाही." मग एक बोट झाकणावर टेकवलं, आणि जरा बाजूला परत टेकवलं. "हे दोन नवे. चकाकतायत. इथं काय होतं?"

मला पुन्हा एकदा विचारलं होतं, बघा. माणसाला एकदा विचारलं आणि तो खोटं बोलला तर घाबरला म्हणता येतं. दुसऱ्यांदा विचारलं तर काय म्हणायचं? माझ्या मागे नॅप्थलीनचा वास. संध्याकाळ व्हायला चार तास.

"काही नव्हतं, काकी."

त्यांनी मान हलवली. कुणाला वेळ विचारावी आणि त्यानं सांगावी, तशी. मग त्यांनी अंगावरची शाल काढली, घडी घातली, आणि काट्यावर ठेवली. त्यावर नारळ. त्यावर सन्मानचिन्ह. त्यावर पुस्तिका. आणि एक पाऊल मागे जाऊन लाल आकड्याकडे बघितलं.

"दोन किलो," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "बरोबर दाखवतोय."

आणि तुम्हाला सांगते, चेअरमन म्हणजे चेअरमन. एक सेकंद गेला नाही, माइक त्यांच्या हातात. "ऐकलंत? खुद्द वहिनी म्हणतात, काटा बरोबर! उठा, उभे राहा!" अख्खा हॉल उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. समितीसुद्धा उठली. एकानं रुमालानं डोळे पुसले आणि वहीत काहीतरी लिहिलं. प्रेरणेच्या रकान्यात आम्हाला पैकीच्या पैकी मिळाले, नंतर कळलं.

काकी त्या टाळ्यांमधूनच पायऱ्यांकडे निघाल्या, रिकाम्या हातांनी. माझ्या जवळून जाताना थांबल्या. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी मला बोलायला हवंच होतं, शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. त्यांनी माझा उजवा हात धरला, उलटा केला, अंगठ्याजवळचा सोल्डरचा जुना चटका बघितला.

"हात चांगला आहे गं तुझा," त्या म्हणाल्या, आणि सोडून दिला.

संध्याकाळी फॉर्मवर सही झाली. सरांनी खणातून फॉर्म काढला, कोटातून पेन काढलं, आणि म्हणाले, पुढे जाशील. गेलेच की. पास झाले, पुण्याला आले, नोकरी लागली, तुम्ही भेटलात. धाकटाही शिकला. त्या बोळातून मी नंतर कधी गेले नाही. सुट्टीला घरी गेले तरी बाजाराला वळसा घालून जायचे. लांब पडतं. गेल्या दिवाळीनंतर काकी वारल्या, हे मला मामानं फोनवर सांगितलं, आणि मग लगेच विचारलं, डिस्प्ले स्वस्तात कुठे मिळतील.

आता तुम्ही मघाशी विचारलंत, दुपारपासून फोन हातात घेऊन का बसलीयेस. तर हे बघा. इंगवले सरांचा मेसेज. आता ते संस्थेचे संचालक आहेत. रेठरेकर स्मृती व्याख्यानाचं दहावं वर्ष आहे, आणि प्रमुख पाहुणी म्हणून, ऐका नीट, मी. विषय, 'तरुण पिढीला प्रेरणा'. खाली लिहिलंय, 'बेटा, फ्लेक्ससाठी तुझा एक चांगला फोटो पाठव.'

तीन तास मी फोटो शोधत होते. माझा नाही. दुसरा. आठवतं ना, मामाचा नियम, हात लावायच्या आधी फोटो. नऊ वर्षांत चार फोन बदलले, दर वेळी तो नव्या फोनमध्ये घेतला, आणि एकदाही उघडला नाही. त्या शनिवारी खिडकीपाशी बसले होते तेव्हाही तो माझ्या ओढणीखाली होता, पर्समध्ये, काकींपासून दोन हातांवर. त्यांना दाखवायला एक बोट लागलं असतं.

हा घ्या, बघा. ती लाल वायर. हे बटण. ही चिकटपट्टी. स्वच्छ आलाय ना?

तुम्ही चहा आणायला गेला होतात तेव्हा मी तो सरांना पाठवला. लगेच उत्तर आलं. 'हा नको. तुझा पाठव.'

मी लिहिलंय, हाच छापा सर. आणि खाली नावं दोघांची घाला, तुमचं आणि माझं.